मोठ्या सिस्टरांचा आज्ञार्थ

मोठ्या सिस्टरांना मराठी यायचं ते एवढंच: ये, जा, बस, ऊठ, आण, धर, थांब. हे शब्द त्यांनी गाडीवानाच्या तोंडून, झाडलोट करणाऱ्या बाईच्या तोंडून, आणि आवारातल्या कुत्र्यावर जो तो खेकसायचा त्यातून उचलले होते. नामं नाहीत, विशेषणं नाहीत, नुसत्या आज्ञा. दवाखान्यात तेवढ्यावर त्यांचं भागतही होतं. फक्त नकार आला की गाडी अडायची. रडणाऱ्या पोराला त्या "नाही रड" म्हणायच्या, आणि पोर रडायचं थांबून त्यांच्याकडे बघत राहायचं.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. मिशनमधल्या जर्मन फादरांना सरकारनं उचलून छावणीत नेऊन ठेवलं, तेव्हा रिकाम्या जागी कुठून कुठून माणसं आली. त्यात या दोन सिस्टर. दोघी मूळच्या स्पेनच्या, मुंबईत काही वर्षं राहून आमच्याकडे आलेल्या. दवाखाना प्रवरेच्या कालव्याकाठी एका खेड्यात होता. बेलापूरहून टांगा करून यावं लागे. मोठ्या सिस्टर पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, बाळंतपणात हात बसलेल्या. धाकट्या सिस्टर तिशीच्या आतल्या, इंग्रजी चांगलं बोलणाऱ्या. मी तेव्हा अठरा-एकोणीसची असेन. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला घरीच इंग्रजी शिकवलं, म्हणून मला दवाखान्यात घेतलं. हत्यारं उकळायची, पट्ट्या गुंडाळायच्या आणि रोग्याचं म्हणणं सिस्टरांना सांगायचं, हे माझं काम.

आमचं घर ख्रिस्ती झालं ते आजोबांच्या वेळी. पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो, वेशीबाहेर. "बाटलं म्हनून रगत बदलतं का?" असं लोक तोंडावर विचारायचे. विचारणाऱ्याला उत्तर नको असायचं, म्हणून आम्ही देत नसू.

घाईची वेळ आली की मोठ्या सिस्टरांच्या डोक्यातून एकेक भाषा निघून जायची. आधी इंग्रजी, मग ते चार मराठी शब्द, आणि शेवटी त्यांची स्वतःची स्पॅनिश तेवढी उरायची. धाकट्या सिस्टर शेजारी असल्या की काही बिघडत नसे. पण मी एकटी असले की पंचाईत. ऐकून ऐकून काही शब्द मला कळू लागले होते. 'दामे' म्हणजे मला दे. 'एस्पेरा' म्हणजे थांब. 'तीरा' म्हणजे टाकून दे.

त्या वर्षी कालव्याकाठी घरोघर हिवताप होता आणि युद्धामुळे क्विनाइन मिळेनासं झालं होतं. एका म्हातारीला पाजून वाटीत घोटभर औषध उरलं होतं. मी वाटी उचलून मोरीकडे निघाले, तोच मोठ्या सिस्टर ओरडल्या, "नो लो तीरेस!" मला त्यातलं 'तीरेस' तेवढं लागलं. टाकून द्यायचंय, एवढं समजून मी वाटी कलती केली, आणि त्यांनी झेप घेऊन माझं मनगट धरलं. थेंब सांडला नाही, पण बोटं उमटली.

मग मोठ्या सिस्टर धाकट्या सिस्टरांकडे वळून भराभर काहीतरी म्हणाल्या. अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. "हिला नीट शिकव, नाहीतर एक दिवस ही कुणाचा तरी जीव घेईल." धाकट्या सिस्टरांनी हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मग दुपारी, रोगी पांगले की, पट्ट्या गुंडाळता गुंडाळता आमची शिकवणी सुरू झाली.

"आमच्या भाषेत 'नको' आधी येतं," धाकट्या सिस्टर म्हणाल्या. "तुमच्यात?"

मी कधी विचारच केला नव्हता. "आमच्यात मागून येतं. सोडू नको. टाकू नको."

"म्हणजे ऐकताना तू शेवटाची वाट बघत राहतेस. आणि आमचं 'नो' तर केव्हाच होऊन गेलेलं असतं."

"मग गोंगाटात 'नो' ऐकूच आलं नाही तर?"

"म्हणून तर क्रियापद बदलतं," त्या म्हणाल्या. "स्वेल्ता म्हणजे सोड. सोडू नको म्हणायचं झालं तर नो स्वेल्तेस. शेवटच्या आ-चा ए झाला बघ, आणि मागे स लागला. तीरा, नो तीरेस. आणि जिथं मुळात ए असेल तिथं उलटं. आब्रे म्हणजे उघड. नो आब्रास म्हणजे उघडू नको."

मला ते पटलं. 'नको' मागून येत नसलं तरी त्याची खूण मागे राहत होती. पण पटणं वेगळं आणि कानाला सवय होणं वेगळं. शिवाय त्यात फांद्या पुष्कळ. 'मला ते दे' हे सगळं एकाच शब्दात, दामेलो. मला आणि ते, दोन्ही क्रियापदाच्या शेपटीला चिकटलेले. पण 'मला ते देऊ नको' म्हणायचं की ते दोघे सुटून पुढं येऊन उभे राहतात, नो मे लो देस. आणि काही क्रियापदं आखूड, नेमकी रोजच्या वापरातली. पोन म्हणजे ठेव, साल म्हणजे बाहेर जा. 'बे' म्हणजे जा आणि 'बेन' म्हणजे ये. जाणं आणि येणं यात फक्त एका न-चा फरक! हे मला भयंकर वाटलं.

मोठ्या सिस्टर अधूनमधून परीक्षा घ्यायच्या. सांगून नाही. मी पाठमोरी काही करत असले की मागून एकदम, "सिएर्रा!" मी खिडकी लावली की, "नो सिएर्रेस!" चुकले की त्या हातातली कात्री टेबलावर आपटत. रात्री अंथरुणातसुद्धा मी आ आणि ए घोकत पडलेली असे.

अशात एक दिवस बागायतदार आले. कालव्याखालची निम्मी जमीन त्यांची, सगळा ऊस. आमच्या घरचं पाणी भरायची वाट त्यांच्या बांधावरून जायची. ते कधी दवाखान्यात येत नसत. त्या दिवशी पटका बांधून, मागे दोन गडी घेऊन आले. त्यांच्या सुनेचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं आणि आता ती पुन्हा गरोदर होती. या मडमिणीच्या हाताला यश आहे असं त्यांनी ऐकलं असावं.

मोठ्या सिस्टर हात धूत होत्या. कोणीतरी आलंय एवढं त्यांना कळलं. मान वळवून त्यांनी बाकाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "बस."

बागायतदार उभेच राहिले. बाकावरचे दोन-तीन रोगी तेवढे उठून भिंतीला लागले.

"काय म्हनली ही?" त्यांनी मला विचारलं.

"बसावं, असं म्हणतात त्या," मी म्हणाले.

"म्या ऐकलंय ती काय म्हनली ते. तू मधल्या मधी फिरवू नगंस." आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "गावात मामलेदार येतो, त्योबी मला बसा म्हनतो. आमच्या वस्तीवरचं मानूस आता हितं पाय ठेवनार न्हाई." असं म्हणून ते वळले आणि गडी त्यांच्या मागे.

मोठ्या सिस्टर टॉवेलनं हात पुसत विचारू लागल्या, तो माणूस का गेला? मी धाकट्या सिस्टरांमार्फत सांगितलं. त्यांना आधी खरंच वाटेना. स्पेनमध्ये अशा गृहस्थाला आपण 'स्येन्ताते' कधी म्हणालो नसतो, असं त्या म्हणाल्या. 'स्येन्तेसे' म्हणालो असतो. धाकट्या सिस्टरांनी मला समजावलं की मान द्यायचा असला की आज्ञेचं रूप बदलून इच्छेचं रूप वापरतात. आपण बसावं अशी माझी इच्छा, असं काहीसं. नकाराला जे रूप लागतं तेच हे.

"आमच्यातही तसंच आहे," मी म्हणाले. "बस, बसा, बसावं. सगळ्यात मानाचं ते इच्छेचंच."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?" मोठ्या सिस्टरांनी रागानं विचारलं. "इतके दिवस मी सगळ्यांना 'बस' म्हणतेय!"

मी त्यांना सांगितलं. "सिस्टर, ज्यांच्याकडून तुम्ही शब्द शिकलात, त्यांना लोक आयुष्यभर तेवढंच म्हणत आले. ये, जा, बस, ऊठ. त्यांच्याकडे होतं तेच त्यांनी तुम्हाला दिलं."

धाकट्या सिस्टरांनी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं की नाही, किंवा किती सांगितलं, मला ठाऊक नाही. मोठ्या सिस्टर टॉवेल खुंटीला अडकवून आत गेल्या.

घरी हे कळल्यावर वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. बांधावरची वाट बंद होईल ही भीती. झाली नाही. पण आई घागर घेऊन निघाली की परत येईपर्यंत आम्ही सगळे दाराकडे डोळे लावून असायचो.

उन्हाळा तोंडावर आला आणि धाकट्या सिस्टरच हिवतापानं आडव्या झाल्या. त्याच दिवसांत एका भर दुपारी बागायतदारांची दमणी दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन थांबली. बैल फेसाळलेले. गाडीवान खाली उतरून मलाच म्हणाला, "मडमबाईला घेऊन चल. सूनबाई बाळंत झाल्या, पोरगं हाय, पर वार पडंना. सुईन वडतीया. रगत लई चाललंय."

मोठ्या सिस्टरांना 'रगत' मी सांगितलं तेवढं पुरलं. पिशवी उचलून त्या दमणीत बसल्या. मी मागे.

वाट उसातून होती. दोन्हीकडे ऊस माणसापेक्षा उंच, वारा बंद, आणि आत घुसमटलेली गरम हवा. मोठ्या सिस्टर डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या. मी मनातल्या मनात आ आणि ए ओढत होते.

वस्ती म्हणजे शेतातलं मोठं घर, पुढं अंगण, अंगणात बायकांचा घोळका. सोप्याच्या खांबाला टेकून बागायतदार बसले होते, मान खाली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांची कारभारीण, म्हणजे बाळंतिणीची सासू, उभी होती. सिस्टर आत गेल्या. मी त्यांच्या मागे पाऊल उचललं तसा तिचा हात आडवा आला.

"तू न्हाई. तू भाईर थांब."

मी थांबले. असं सांगितलं की थांबायचं, हे आमच्या पायांना आपोआप यायचं.

उंबऱ्यातून आतलं दिसत होतं. खाली गोधडीवर सून पडलेली, चेहरा चुन्यासारखा. कोपऱ्यात कुणाच्या तरी मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं पोर बारीक आवाजात रडत होतं. गावची जुनी सुईण सुनेच्या पायांशी बसून आत अडकलेली वार यावी म्हणून नाळ हाताला वेढून ओढत होती. तिचीही तारांबळ उडालेली दिसत होती. दर ओढीला ती देवीचं नाव घेई. गोधडी काळपट ओली.

सिस्टर गुडघ्यावर बसल्या आणि ओरडल्या, "नो तीरेस! नो तीरेस!"

सुईण ओढतच राहिली. तिला काय कळणार! आणि मलाही क्षणभर कळेना. तीरा म्हणजे टाकून देणं. काय टाकू नको? मग मी सुईणीच्या हाताकडे पाहिलं आणि लक्षात आलं की टाकायला नि ओढायला त्यांच्यात एकच शब्द असणार.

"ओढू नका!" मी बाहेरून ओरडले. "आजी, नाळ ओढू नका! सोडा!"

सुईणीनं मान वर केली. माझ्याकडे नाही, सासूकडे पाहिलं. "काय करू?" तिनं विचारलं. सासूला कोणाचं ऐकावं कळत नव्हतं, आणि एवढ्या बायकांसमोर माझं ऐकणं तिला जमणारं नव्हतं. सुईणीची मूठ तशीच वळलेली.

आतून सिस्टरांनी माझ्याकडे न बघता हाक मारली, "बेन!"

शेवटी न होता की नाही? मी स्वतःला विचारलं. बे की बेन? जा की ये? होता. मी नीट ऐकला होता. एकीनं थांब म्हटलं होतं आणि एकीनं ये, आणि मध्ये एक उंबरा आणि एक आडवा हात. पुढं जे तोंडातून आलं ते मी ठरवून बोलले नाही.

"सरका," मी सासूला म्हणाले. "बाजूला सरका, आई."

आमच्या घरातल्या कोणी त्या घरातल्या कोणाला असं काही म्हटल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही थोबाडीत मारणार. तेवढ्यात आतून सून कण्हली, आणि सासूचा हात खाली आला. ती सरकली.

मी आत जाऊन सुईणीच्या मुठीवर हात ठेवला. "सोडा, आजी. सिस्टर बघतील." तिनं सोडलं. मला वाटतं तिला सुटल्यासारखंच झालं.

"के साल्गान तोदास," सिस्टर म्हणाल्या. सगळ्या बाहेर जाऊ देत. हेही इच्छेचंच रूप, तिऱ्हाइताला करायच्या आज्ञेचं. मी ते मराठीत आणताना एक गोष्ट माझ्या मनानं घातली. "सगळ्यांनी बाहेर व्हावं," मी म्हणाले. "आई, तुम्ही तेवढ्या थांबा. सूनबाईंचा हात धरा, त्यांच्याशी बोलत राहा." सिस्टर यातलं काही म्हणाल्या नव्हत्या. पण सासूला बाहेर काढलं असतं तर ती गेली नसती आणि भांडणात वेळ गेला असता. बाकीच्या पोराला घेऊन बाहेर गेल्या आणि सासू सुनेच्या उशाशी बसली. "ए बाय, डोळं उघड," असं पुटपुटू लागली.

मग आज्ञांचा मारा सुरू झाला. दामे, आणि मी इंजेक्शनची सुई दिली. फ्रोता, आणि मी पोट चोळलं. हाताखाली गर्भाशय पिठाच्या मऊ गोळ्यासारखं लागायचं. ते दगडासारखं घट्ट व्हायला हवं, एवढं मला ठाऊक होतं. चोळता चोळता ते जरा आवळलं आणि वार आपणहून सुटून आली. सासूनं देवाचं नाव घेतलं. पण सिस्टरांचा चेहरा सैल झाला नाही. रक्त थांबत नव्हतं.

त्यांनी आतून हाताची मूठ लावली आणि मला वरून दाबायला लावलं. "आप्रिएता! मास! मास!" दाब. आणखी. आणखी. मी दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबलं. सून ओरडली आणि मग एकदम ओरडायची थांबली. तिचे डोळे वर गेले. सासू किंचाळली, "गेली! माझी पोर गेली!" तो आवाज अंगणात गेला आणि बाहेर बायकांनी हंबरडा फोडला.

त्या आकांतात सिस्टर माझ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले ते दिसलं. मला ऐकू आलं ते 'स्वेल्त'पासूनचं, त्याच्या आधीचं काही नाही. माझ्या दंडांची थरथर मनगटापर्यंत आली होती. सोड म्हणत असतील तर किती बरं, असं शरीर म्हणत होतं. हात ढिले व्हायला एवढंच निमित्त हवं होतं. पण शब्द संपला तो स-वर. स्वेल्तेस. आ नाही, ए, आणि मागे स.

मी सोडलं नाही.

किती वेळ गेला सांगता यायचं नाही. बायकांचं रडणं ओसरलं, आणि खोलीत फक्त आमचा तिघींचा श्वास ऐकू येऊ लागला. मग चौथीचा आला. सुनेनं मान हलवली आणि पाणी मागितलं. सिस्टरांनी हात काढला, पाहिलं, पुन्हा थोडं थांबून पाहिलं. हाताखालचा गोळा दगडासारखा टणक झाला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आओरा सी. स्वेल्ता." आता सोड.

माझी बोटं उघडेनात. त्यांनीच एकेक करून ती मोकळी केली.

सासू सुनेच्या कपाळावर गाल टेकवून रडत होती. मी पिशवीत हत्यारं भरली. निघताना बागायतदार उठून उभे राहिले. सिस्टरांकडे बघून त्यांनी हात जोडले. मला काही म्हणाले नाहीत. दमणी वळत होती तेव्हा मी मागे पाहिलं, तर एक बाई शेणाची पाटी घेऊन येत होती आणि सासू तिला उंबऱ्याजवळची, मी उभी होते ती जागा दाखवत होती. सारवायला. मी तोंड फिरवलं. सिस्टरांनीही पाहिलं असावं, पण त्यांना त्याचा अर्थ कळला नसेल, आणि मी सांगितला नाही.

वाटेत त्या एकदाच बोलल्या, मोडक्या इंग्रजीत. "तू त्या बाईला दारात काय म्हणालीस?"

"सरका म्हणाले."

"आज्ञा?"

"आज्ञाच. पण मानाची."

त्या हसल्या. नंतर माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन दवाखाना येईपर्यंत चोळत राहिल्या.

घरी मात्र कोणी हसलं नाही. मी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. वडील ओट्यावर बसले होते. "तू त्यांना सरका म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "सगळ्यांदेखत?" हो. आई आतून म्हणाली, "पोरगी मेली असती तर? मग काय केलं असतं त्यांनी आपलं?" पोरगी मेली नव्हती, हे आईला पुरेसं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पुढचे काही दिवस कुत्रं भुंकलं तरी आम्ही दचकायचो.

आठवडाभरानं भुंकलं तेव्हा खरंच कोणी आलं होतं. बागायतदारांचा गडी. "मालकिणीनं बलावलंय."

"सिस्टरांना?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई. मास्तराच्या पोरीला. येकलीला."

आई माझा पदर धरून उभी राहिली. "जाऊ नको," ती म्हणाली. वडील जा म्हणाले नाहीत आणि जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. मी दवाखान्यात जाऊन मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी पिशवी भरून दिली आणि धाकट्या सिस्टरांनी, अंथरुणात उठून बसून, काय काय असू शकेल ते मला नीट समजावलं.

मला पुढच्या दारानं नेलं नाही. गोठ्याकडून, मागच्या दारानं नेलं. पण आत नेलं. सुनेला ताप होता, छातीत दूध साकळून गाठ झाली होती. सासूनं माझ्यासाठी एक पोतं अंथरलं, बाजेपासून जरा लांब. "तूच बघ," ती म्हणाली. "ती बाई लई वरडती."

मी पोतं ओढून बाजेजवळ घेतलं आणि बसले.

"पाणी तापवा," मी म्हणाले. तिनं तापवलं. "स्वच्छ फडकं आणा." तिनं आणलं. मी शेक दिला, पोराला कसं धरायचं ते सुनेला दाखवलं, गाठ हळूहळू मोकळी केली. पोर चुरुचुरु पिऊ लागलं. सून डोळे मिटून पडली होती, मध्येच म्हणाली, "तुमचा हात गार हाय." बरं वाटल्यासारखं म्हणाली.

"आनखी काय करायचं?" सासूनं विचारलं. मी सांगितलं: दिवसातून तीनदा शेका, दूध साठू देऊ नका, ताप उतरला नाही तर मला बोलवा. तिनं ते सगळं माझ्यासमोर एकदा म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरीसारखं, बोटांवर मोजत.

पुढं युद्ध संपलं, सिस्टरांची बदली झाली, मी पुण्याला जाऊन नर्सिंग शिकले आणि आयुष्यभर बाळंतपणं केली. स्पॅनिश पुन्हा कधी कोणाशी बोलायची वेळ आली नाही.

त्या दिवशी मी वस्तीवरून निघाले तेव्हा ऊन कलत होतं. उसातून बाहेर पडून कालव्याच्या भरावावर आले, तर तिथं वडील उभे. शाळा सुटल्यावर तसेच आले असावेत, बोटांना खडू लागलेला होता. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, ती जड नव्हती तरी घेतली, आणि आम्ही पाण्याच्या कडेकडेनं घरी निघालो.